मोटारीचा डावा खांदा

घराचं छप्पर घालतात, झोपडीचं शाकारतात, छत्रीचं बदलून मिळतं. मोटारीचं छप्पर मात्र शिवतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आणि ते मलाच शिवायचं आहे हे कळेपर्यंत माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं होतं.

झालं असं, की म्हैसूरला कुवेंपुनगरातल्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात एका सकाळी रणोजीराव आले. राव हे माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडा कधीच गेला, पण त्याची ऐट रावांच्या चालण्यात राहून गेली आहे. कोट घातल्याशिवाय ते दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत, आणि तो कोट मीच शिवतो. म्हणजे त्यांच्या ऐटीत निम्मा वाटा माझा, असं मी मनातल्या मनात धरून चालतो.

"मास्टर," राव म्हणाले, "एक अंगडं बेतायचंय."

"कुणाचं?"

"मोटारीचं."

रावांच्या काकांनी हौसेनं घेतलेली एक विलायती स्पोर्ट्‌स कार त्यांच्या शेडमध्ये पडून होती. दोनच माणसांची, वरून उघडी. पाऊस आला की लोखंडी कमानींवर ओढून घ्यायचं कापडी छप्पर, तेवढंच तिच्या डोक्यावर. त्या छपराची चाळण झालेली. दसऱ्यातल्या जुन्या मोटारींच्या फेरीत रावांना ती गाडी काढायची होती. त्यासाठी जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी लागते, आणि नोंदणीवाले म्हणत होते, गाडी डोक्यापासून पायापर्यंत पुरी असल्याशिवाय कागद हलणार नाही.

"बेंगळुरूला लोक आहेत ते काम करणारे," राव म्हणाले. "पण ते मापं घेत नाहीत, फोटो मागवतात. फोटोवरनं कपडा शिवतो तो माणूस कसला?"

इथं मी विरघळलो. 'हो' म्हणालो.

दुकानाच्या कोपऱ्यात माझा मुलगा रक्षित लॅपटॉप उघडून बसला होता. घरातून काम करायचा कंटाळा आला की तो माझ्या दुकानातून काम करतो. त्यानं मान वर केली.

"अप्पा, सुम्ने हो म्हणू नका. शर्ट शिवायला कोण येत नाही आता. तुम्ही कारचं टॉप शिवणार?"

आमच्या घरात 'उगाच' हा शब्द कुणी वापरत नाही. कानडीतला 'सुम्ने' वापरतात, आणि माझ्या बाबतीत जरा जास्तच वापरतात. पण या 'सुम्ने'मागे वेगळंच काही होतं. रक्षितनं माझ्या दुकानाच्या जागेसाठी एक भाडेकरू बघून ठेवला होता. तयार कपडे विकणारा! गिऱ्हाइकानं यावं, हँगरवरचं अंगात घालावं आणि ढगळ असेल तर ती फॅशन आहे असं समजून घरी जावं, असला धंदा. माझ्या मशीनच्या जागी त्याचा आरसा येणार होता.

गिऱ्हाइकासमोर मुलानं असं बोलल्यावर माझ्या मानेची शीर ताठ झाली. मी म्हणालो, "हे छप्पर नीट बसलं, तर दुकान देण्याचा विषय कायमचा बंद. नाही बसलं, तर किल्ली तुझ्या हातात."

"नक्की?"

"नक्की."

मागच्या पडद्याआडून माझ्या बायकोचा, कमलाक्षीचा, आवाज आला. काज-बटण आणि तुरपाईचं सगळं काम तिचं. "सरी," म्हणजे ठीक आहे, ती म्हणाली. "दोघांचंही ऐकलंय मी हं."

संध्याकाळी गाडी बघायला गेलो. मी, कमलाक्षी, रक्षित, शेजारचे त्र्यंबक आणि वरच्या मजल्यावरच्या भागीरथीबाई. त्र्यंबक बँकेतून निवृत्त झाल्यापासून मत देण्याचं काम करतात. भागीरथीबाई मुलाच्या नोकरीपायी साताऱ्याहून हल्लीच इथं आल्या आहेत. आमची मराठी ऐकून त्यांना हसू येतं, म्हणून त्या आमच्याबरोबर सगळीकडे येतात.

तलकाडला वाळूच्या ढिगाखालून देवळाचा दगड डोकावतो, तशी पोत्यांखालून ती मोटार डोकावत होती. रावांनी पोती ओढली. लांब नाक, आखूड पाठ. अंगावरचं वळण कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते सांगता येऊ नये. नदीनं एखादा गोटा वर्षानुवर्षं तळहातावर खेळवावा आणि मग काठावर हळूच ठेवून द्यावा, तशी ती उभी होती. आम्ही सगळे उगीचच हळू बोलायला लागलो.

"नवी होती तेव्हा," राव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हिच्या किमतीत काकांना अख्खी गल्ली विकत घेता आली असती."

"मग गल्ली का नाही घेतली?" भागीरथीबाईंनी विचारलं.

रावांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही, मला कळत नाही म्हणून विचारते हो," भागीरथीबाई पुढं म्हणाल्या. "जुनी झाल्यावर वस्तू महाग होते, समजू शकते. दुर्मीळ होते. पण ही नवीकोरी असतानाच एवढी महाग का?"

झालं. छपराचं राहिलं बाजूला आणि शेडमध्ये परिसंवाद सुरू झाला.

"जकात!" त्र्यंबक म्हणाले. "बोटीतून उतरली की निम्मी किंमत सरकारची."

"तिकडंही महागच होती," रावांनी सांगितलं.

"मग इंजिन. वेगाचे पैसे."

"वेग कुठं वापरणार होते हो काका? बाजारात?" भागीरथीबाईंचा प्रश्न. "माझं ऐका. नाकावर ते चिन्ह आहे ना, त्याचे पैसे. नावाचे."

रक्षितनं हात वर केला. इंजिनिअर असल्यामुळे तो घरातसुद्धा हात वर करून बोलतो. "आंटी, व्हॉल्यूम कमी. लाखभर गाड्या केल्या, की साच्यांचा, डिझाइनचा, रेसच्या ट्रॅकवर केलेल्या प्रयोगांचा खर्च त्या लाखांत वाटला जातो. या गाड्या मोजक्याच केल्या. सगळा खर्च त्या मोजक्यांच्या डोक्यावर."

"म्हणजे मांडव गावजेवणाचा आणि पंगतीला चौघं," कमलाक्षी म्हणाली.

"हां अम्मा. तसंच स्वल्प."

मुलाचं म्हणणं खोडता येत नव्हतं, आणि तो माझा मुलगा असल्यामुळे मान्यही करता येत नव्हतं. मी खिशातून टेप काढली. आपलं स्वतःचं मत नसेल तेव्हा मापं घेत सुटावं, लोकांना वाटतं विचार चाललाय.

आता जुन्या छपराकडे वळतो. नमुना म्हणून उसवायला ते हाती घेतलं आणि कळलं, की ते अर्धंच आहे. डावी बाजू उंदरांनी खाल्ली होती. उजवी जशीच्या तशी. उंदरांनी असा मधोमध न्याय का केला कोण जाणे, पण मला तेव्हा बरंच वाटलं. शिंप्याला पुरं अंग कधी लागतच नाही. अर्धी पाठ बेतायची, कापड दुमडून दुपदरी ठेवायचं, घडीवर कागद लावायचा आणि कात्री चालवायची. उलगडलं, की डावं-उजवं आपोआप जुळं निघतं. माझे वडील असेच बेतायचे, त्यांचे वडीलही.

जमिनीवर जाड हिरवं कापड दुमडून पसरलं होतं. कमलाक्षी शेजारी बसून दुसऱ्याच कुणाच्या पायजम्याची तुरपाई करत होती आणि माझ्या आईची एक ओवी गुणगुणत होती. आई सुई हातात घेतली की तीच म्हणायची:

डावा खांदा उतरला, उजवा खांदा चढी,
माणूस बेतताना देवा, मोडून टाकलीस घडी.

"स्वल्प हळू," मी म्हणालो. "मला घडीवर लक्ष ठेवू दे."

ती गप्प झाली. मी कापलं. त्या क्षणी देवानं, आईनं आणि बायकोनं मिळून मला किती स्पष्ट सांगितलं होतं हे आठवलं, की अजून मी कात्री खाली ठेवतो आणि पाणी पितो.

पुढं जे झालं त्याला शिवण म्हणता येणार नाही. कापडाचे तीन थर: बाहेरचं जाड, मधलं रबरी, आतलं मऊ. माझ्या मशीननं पहिल्या टाक्यातच सुई मोडली. दुसरी मोडली. तिसरी मोडून तिचं टोक भागीरथीबाईंच्या चहात पडलं. शेवटी मेटगळ्ळीला ताडपत्र्या शिवणारा एक कारखाना आहे, तिथल्या मोठ्या मशीनवर टिपा मारून आणायचं ठरलं. गुंडाळी खांद्यावर घेऊन मी सिटी बसमध्ये चढलो. गुंडाळीचं एक टोक ड्रायव्हरच्या मानेशी आणि दुसरं मागच्या दारातून बाहेर.

"एनप्पा इदु, पेंडाला?" कंडक्टरनं विचारलं. मांडवाचं कापड आहे का, म्हणून.

"मोटारीचं छप्पर आहे."

त्यानं माझ्याकडे, मग बसच्या छताकडे पाहिलं, आणि बस थांबवून मला उतरवलं. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, उन्हानं माझं काही तरी झालंय.

रिक्षानं गेलो, टिपा मारून आणलं, गच्चीवर पसरलं. हिरवंगार, कमानदार, झालर लावलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले लोक कमलाक्षीचं अभिनंदन करायला लागले. गच्चीवर मांडवाचं कापड आलंय म्हणजे रक्षितचं लग्न ठरलं! 'मुलगी कुठली?' 'म्हैसूरचीच का?' 'गुपचूप का ठेवलं?' रक्षितच्या ऑफिसात कुणी तरी ही बातमी पोचवली आणि तिथल्या एका मुलीनं त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्यामुळे त्या ऑफिसात एक मुलगी आहे हे आम्हाला कळलं. म्हणजे छपराचा अगदीच उपयोग झाला नाही असं नाही.

गाडीवर छप्पर चढवलं तेव्हा ते डावीकडे जरा ओढत होतं. टिचबटणं लावायची होती. उजवीकडची बोटाच्या दाबानं टिच्‌टिच्‌ बसली, डावीकडची लावताना मला गुडघा टेकावा लागला.

"मास्टर, डावीकडं ताणतंय की," राव म्हणाले.

"नवं कापड आहे. अंगावर बसेल." हे वाक्य सगळे शिंपी जन्मतःच शिकून येतात.

मग आम्ही नोंदणीच्या कचेरीत गेलो. मी रावांच्या शेजारी, मागं रक्षित स्कूटरवर. हार-जीत डोळ्यांनी बघायची म्हणून त्यानं रजा काढली होती. तपासणीचा अधिकारी चष्मेवाला, नेटका माणूस. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, कौतुकानं जीभ टाळूला लावली आणि पेन काढलं.

"इदु ओपना, क्लोजा?" गाडी उघडी की बंद?

"दोन्ही, सर," राव म्हणाले. "छप्पर घातलं की बंद, काढलं की उघडी."

"हागे आगल्ला. ओंदे बरीबेकु." तसं चालत नाही, एकच लिहायला हवं.

"पण आहेच तशी."

"रावसाहेब, तुम्ही मॅरीड की अनमॅरीड विचारलं तर काय सांगता? घरात असलो की मॅरीड?"

रावांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. अखेर तो म्हणाला, छप्पर घालून आणलीय तर 'बंद' लिहितो, पण मजबुती बघू दे. त्यानं डावीकडचं दार उघडलं, आत डोकं घातलं, समाधानानं मान डोलवली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही हो! नुसतं लावलं.

टिच्‌.

मी डोळे मिटले.

टिच्‌, टिच्‌, टिच्‌, टिच्‌. डावीकडची सगळी बटणं ओळीनं सुटली आणि इतके दिवस दम धरून बसलेलं ते छप्पर हवेत उठलं, उजव्या बाजूला उलटलं आणि पलीकडं फायली घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला पोटाशी घेऊन खाली बसलं. आतून तो "सर, सर" करत होता.

अधिकाऱ्यानं चष्मा पुसला. "ईगा ओपन," तो म्हणाला, आता उघडी झाली, आणि सोमवारी परत या म्हणून निघून गेला.

कचेरीच्या आवारात चिंचेखाली मी आणि राव उभे. भोवती बघे. रक्षित स्कूटरला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून, बघत नसल्याचं दाखवत होता.

"मास्टर," राव म्हणाले, "तुमची कात्री गेली."

बोलून चालून साधं वाक्य. पण मुलासमोर! माझ्या कानात वाफ भरली.

"कात्री नाही गेली, रावसाहेब. तुमची मोटार वाकडी आहे!"

"वाकडी? विलायतेत घडलेली गाडी वाकडी? ज्या गाडीच्या किमतीत गल्ली..."

"गल्ली राहू दे! वाकडी आहे. आणि तुम्हीही वाकडे आहात! तुमचा डावा खांदा उतरलाय. इतकी वर्षं प्रत्येक कोटात कापूस भरून सरळ करतोय मी तुम्हाला!"

गिऱ्हाइकाच्या अंगाचं गिऱ्हाइकालाही सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धर्म. कुणाचं पोट, कुणाची पाठ, कुणाचा आखूड हात, सगळं कापडाच्या आत ठेवायचं आणि माणसाला ऐटीत घराबाहेर काढायचं. तो धर्म मी चिंचेखाली, वीसेक माणसांदेखत मोडला.

रावांनी उजव्या हातानं डावा खांदा चाचपला. गाडीत बसले. मीही बसलो, दुसरं वाहन नव्हतं. भुरभुर पावसाला सुरुवात झाली. छप्पर माझ्या मांडीवर, आम्ही दोघं उघडे. कुवेंपुनगरापर्यंत राव समोर बघत होते, मी समोर बघत होतो, आणि रस्त्यातले सगळे आमच्याकडे बघत होते.

घरी आल्यावर मी दुकानाची किल्ली रक्षितच्या लॅपटॉपवर ठेवली. त्यानं ती उचललीही नाही, परतही केली नाही. "तो माणूस सोमवारी संध्याकाळी जागा बघायला येतोय," एवढंच हळू म्हणाला. कमलाक्षीनं टॉवेल आणून दिला.

"दुकान गेलं ते गेलं," मी म्हणालो. "रावही गेले."

ती कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसली. आणि लावता लावता, माझ्याकडे न बघता, अगदी सावकाश तीच ओवी म्हणू लागली. डावा खांदा उतरला. उजवा खांदा चढी.

माझं डोकं पुसणं थांबलं.

"पुढची ओळ म्हण."

"तुम्हाला पाठ आहे की."

"म्हण गं."

"मोडून टाकलीस घडी," ती म्हणाली. "आता कळली होय? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असूनच कापलंत. मी काय बोलू, तुम्ही मास्टर."

मी तसाच ओल्या धोतरावर रावांच्या घरी पळालो. दार उघडं होतं. राव आरशासमोर बनियनवर उभे. पलंगावर त्यांचे सगळे कोट, प्रत्येकाचा डावा खांदा उसवलेला, आणि कापसाचा हा एवढा ढीग. खोलीत जणू सावरीचं झाड फुटलं होतं.

"मास्टर," ते आरशातूनच म्हणाले, "माझ्या लग्नातल्या कोटात पण?"

"त्यात माझ्या वडिलांनी घातला होता. मी नाही."

"म्हणजे वडिलांनाही माहीत होतं."

"आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बाहेर कुणालाही नाही. आजपर्यंत नव्हतं. राव, मला काय शिक्षा द्यायची ती सोमवारनंतर द्या. आधी शेडची किल्ली द्या. मला मोटारीचा डावा खांदा बघायचाय."

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. मग बनियनवरच बाहेर आले. रावांना कोटाशिवाय अंगणात बघायची ती माझी पहिली वेळ.

काचेच्या चौकटीपासून मागच्या काठापर्यंत उजवीकडं टेप लावली. मग डावीकडं. पुन्हा उजवीकडं. पुन्हा डावीकडं. रावांनी स्वतः लावली. डावी बाजू अंगठ्याच्या रुंदीएवढी खाली उतरलेली होती. तिथं कापड अंगठाभर जास्त हवं होतं, आणि मी घडी घालून ते चोरलं होतं.

"गाडी तुमच्याच घराण्यातली दिसते," मी म्हणालो.

रावांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं. मग आम्ही दोघं त्या गाडीच्या पायरीवर बसून इतकं हसलो, की माझ्या मागोमाग आलेल्या भागीरथीबाई शेडच्या दारातून विचारायला लागल्या, बरं आहे ना.

"एक सांगतो," राव डोळे पुसत म्हणाले. "काकांनी एकदा याच जातीच्या दुसऱ्या गाडीचं दार मागवलं होतं. बसलंच नाही. त्यांना वाटलं फसवलं."

"बसणार कसं? तुमच्या कोटाची बाही त्र्यंबकना बसेल?"

बोललो आणि माझं मलाच कळलं. मी त्या पत्र्यावरून हात फिरवला. जिथं डोळ्याला सपाट दिसतं तिथं तळव्याला बारीक बारीक उंचवटे लागत होते, लाटलेल्या पोळीसारखे. साच्यातून दाबून काढलेला पत्रा हा नव्हे. कुणी तरी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं वळवला होता. एक ठोका मारायचा, मागं सरायचं, डोळा बारीक करून बघायचं, पुढं येऊन दुसरा मारायचा. उजवी बाजू एकानं केली असेल, डावी दुसऱ्यानं. मग दार त्या कुशीच्या मापानं, काच त्या दाराच्या मापानं आणि छप्पर या सगळ्यांच्या मापानं. एकेका गाडीची अशी ट्रायल घेत बसलं, तर वर्षाकाठी होणार किती? मोजक्याच. आणि मोजक्याच झाल्या, की रक्षित म्हणतो तसा सगळा खर्च त्यांच्या डोक्यावर.

"भागीरथीबाई," मी म्हणालो, "नवी असताना एवढी महाग का, सांगू? मागं सरून बघण्याचे पैसे आहेत ते. ठोका कुणीही मारेल. मागं सरून बघायला वेळ लागतो."

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझा चहा वाचला असता."

मग सोमवारपर्यंत आमच्या घरात स्वयंपाक झाला नाही, छप्पर झालं. जुन्या चादरींची आधी ट्रायल केली. डावं वेगळं, उजवं वेगळं, घडी अजिबात नाही. कमलाक्षी बोनेटवर पाय सोडून बसली आणि धावदोरा घालत गेली. मी मागं सरून बघत होतो. फार मागं सरून एकदा रावांच्या तुळशीवर पडलो. चादर बसली तेव्हा तिच्यावरून कापड बेतलं. मेटगळ्ळीला पुन्हा गेलो. या वेळी रक्षितनं स्कूटरवर नेलं. मी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "बसमध्ये पुन्हा नको अप्पा, सुम्ने."

तिथं तो शर्टाला ग्रीस लावून घेत मशीनपाशी उभा राहिला. दोन्ही बाजू कापल्या तशा एकावर एक धरून त्यानं बघितलं.

"दोन्ही वेगळ्या आहेत अप्पा. पण वर चढवल्यावर सारख्या दिसतील?"

"दिसायलाच हव्यात. त्यासाठीच वेगळ्या केल्यात."

परतीच्या वाटेवर गुंडाळी त्यानं स्वतःच्या पुढ्यात घेतली.

सोमवारी कचेरीत तो शिपाई आम्हाला बघून आधीच दहा पावलं मागं गेला. अधिकाऱ्यानं डावं दार उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. तिसऱ्यांदा चांगलं आपटलं. एकही टिच्‌ नाही. शिपायाला त्यानं बादलीभर पाणी वरून ओतायला सांगितलं, आणि शिपायानं ते मागचा सगळा हिशेब पुरा केल्यासारखं ओतलं. राव आत बसले होते. कोट घालून, डाव्या खांद्यात कापूस नसलेला कोट. बाहेर आले ते कोरडे ठणठणीत. खांदा उतरलेला होता आणि ऐट मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे निम्मा वाटा माझा वगैरे काही नव्हतं. मला थोडं वाईट वाटलं, आणि त्याहून बरंच बरं.

अधिकाऱ्यानं पेन काढलं. 'क्लोज्‌ड' लिहिलं. मग म्हणाला, एकदा उघडून दाखवा, बघू तरी. रावांनी छप्पर मागं दुमडलं. ती गाडी उन्हात आली आणि आवारातला प्रत्येक माणूस क्षणभर आपापलं काम विसरला. अधिकाऱ्यानं लिहिलेलं खोडलं. विचार केला. आणि नियमाची इभ्रत राखून, सरकारी शाईनं, एकाच ओळीत लिहिलं: 'ओपन. मळे बंद्रे क्लोज्‌ड.'

उघडी. पाऊस आला तर बंद. इतकं खरं वाक्य मी कुठल्या कचेरीत लिहिलेलं पाहिलं नाही.

संध्याकाळी दुकानात आलो. तयार कपडेवाला यायची वेळ होऊन गेली होती. रक्षित आत उभा होता, किल्ली मशीनच्या फळीवर ठेवलेली. पडद्यामागं कमलाक्षीच्या बांगड्या वाजत नव्हत्या, म्हणजे ती ऐकत होती.

"तो माणूस आला नाही?" मी विचारलं.

"फोन करून नको म्हटलं."

"काय सांगितलंस?"

"दुकान चालू आहे म्हणून सांगितलं." तो उगाच काउंटरवरचा खडू उचलून ठेवत राहिला. शाळेचा गणवेश सुटल्यापासून या मुलानं माझ्या हातचं काही अंगाला लावलं नव्हतं. मग एकदम, एखादी लाजिरवाणी गोष्ट विचारावी तसं त्यानं विचारलं, "अप्पा, माझा कुठला खांदा खाली आहे?"

ते सांगायचं नसतं. टेप गळ्यातून काढली आणि त्याला आरशासमोर उभं केलं. तो लगेच छाती काढून, कवायतीला उभं राहिल्यासारखा ताठ झाला.

"सरळ नको उभा राहू," मी म्हणालो. "रोज राहतोस तसा राहा."

त्यानं श्वास सोडला. खांदे आपापल्या जागी उतरले. मी एक पाऊल मागं सरलो, आणि बघत राहिलो.